पन्नास मीटरवरचा दहाचा ठिपका

रायफल शिकायची म्हणजे नेम शिकायचा, असं नव्याने येणाऱ्यांना वाटतं. पण आधी शिकायचं असतं स्थिर राहणं. ५० मीटरवरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं!

रायफल हाताच्या ताकदीने धरायची नाही, हाडांवर तोलायची. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. नेम सरकलेला दिसला तर हात वळवू नका, अख्खं शरीर थोडं फिरवा. श्वास सोडल्यावर जो क्षणभराचा थांबा येतो, त्यात ट्रिगर हळूच मागे घ्यायचा. गोळी सुटल्यावरही नजर तिथेच. लगेच मान वर काढण्याची सवय फार नडते.

आणि वारा! रेंजवरची छोटी निशाणं बघायला शिका. .२२ ची हलकी गोळी झुळकेनेही दहावरून नवावर जाते.

कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. ती फायनल जरूर बघा. तीन पोझिशन म्हणजे आधी गुडघ्यावर, मग पालथं, मग उभं राहून नेमबाजी. उभ्याने रायफल सर्वांत जास्त डुलते, आणि पदकं तिथेच ठरतात.

सुरुवात मात्र क्लबमध्ये, प्रशिक्षकासमोरच करा.