डोक्यातली गाठ नेमकी कसली?

देशी बनावटीच्या एमआरआय यंत्राची चर्चा मार्च २०२५ पासून सुरू आहे. पवईच्या आयआयटी आवारातल्या ‘समीर’ या संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेलं दीड टेस्लाचं यंत्र, चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्सशी झालेला करार, आयातीवर वाचणारा पैसा, हे सगळं वाचून झालं आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: हे यंत्र आपल्याकडच्या आजारांमध्ये फरक करू शकेल का?

सीटी स्कॅन ऊतींनी क्ष-किरण किती अडवले ते बघतो. एमआरआयचं लक्ष असतं पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनवर. दीड टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजनची केंद्रकं सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी विचलित होतात आणि लहर थांबली की हळूहळू मूळ स्थितीत येतात. त्या वेगाचं माप म्हणजे टी-वन. चरबीचा टी-वन साधारण पाव सेकंद, तर मेंदूभोवतीच्या द्रवाचा चारेक सेकंद. पाणी पेशींतल्या प्रथिनांना किती धरून आहे आणि किती मोकळं आहे, यावर बराचसा फरक ठरतो.

हा फरक कर्करोगाला लावून पाहिला तो न्यूयॉर्कच्या रेमंड डमाडियन यांनी. मार्च १९७१ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी उंदरांच्या ऊतींची मापं छापली. निरोगी यकृताचा टी-वन ०.२९३ सेकंद, यकृताच्या कर्करोगाचा ०.८२६. आकडे थक्क करणारे होते. पण निरोगी मेंदूचं मापही त्याच यादीत ०.६ च्या जवळ होतं आणि नुसत्या सुजेनेही पाणी वाढून टी-वन लांबतो. कर्करोगाचा असा एक आकडा पुढे कधीच हाती आला नाही. हाच प्रयोग दुसरा संशोधक करत असताना पॉल लॉटरबर यांनी पाहिला आणि या संकेतांतून चित्र उभं करण्याची युक्ती शोधली. ती १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये आली. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं, तेव्हा डमाडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. त्यांची तक्रार मला निराधार वाटत नाही. ऊती बोलतात, हे त्यांनीच वैद्यकाच्या कानावर घातलं. मात्र ऊतीला एकच प्रश्न विचारून भागत नाही.

याचा प्रत्यय भारतात रोज येतो. तरुण माणसाला अचानक फिट येते, एमआरआय काढला जातो आणि फिल्मवर मेंदूत एक कडं दिसतं. ती टीबीची गाठ असू शकते, पोटातल्या पट्टकृमीच्या जातीची मेंदूत अडकलेली अळी असू शकते, पू असू शकतो किंवा कर्करोग. टीबीला कित्येक महिने गोळ्या, अळीला वेगळं औषध, पू बहुतेकदा तातडीने काढावा लागतो आणि कर्करोगाला शस्त्रक्रिया. तुकडा काढून तपासायचा म्हणजे कवटीला भोक पाडणं आलं.

मग एकेक प्रश्न विचारायचा. पाण्याच्या कणांना हलायला जागा आहे का, हे डिफ्युजन सांगतं. दाट पुवात ते अडकतात, म्हणून तो भाग पांढरा चमकतो. कर्करोगाच्या सडलेल्या गाभ्यात ते सहसा मोकळे फिरतात. जिवंत अळीच्या द्रवात एक ठिपका दिसतो, ते तिचं डोकं. टीबीच्या गाठीचा गाभा खव्यासारखा घट्ट असेल, तर टी-टू या दुसऱ्या मापावरच्या चित्रात काळपट उमटतो.

त्यानंतर स्पेक्ट्रोस्कोपी. इथे चित्राऐवजी आलेख येतो आणि त्यात रसायनांची शिखरं. टीबीच्या गाठीत १.३ च्या खुणेपाशी मेदाचं शिखर चढतं, पुवात ०.९ पाशी अमिनो आम्लं सापडतात, कर्करोगात ३.२ जवळचं कोलीन वाढतं. अपवाद आहेतच. सडलेल्या कर्करोगातही मेद दिसतो, टीबीतही कधी कोलीन डोकावतं. म्हणून सगळ्या उत्तरांचा मेळ घालणारा अनुभवी रेडिऑलॉजिस्ट लागतो आणि तरीही काही वेळा सुई घालावीच लागते. या विषयात लखनौच्या संजय गांधी संस्थेत डॉ. राकेश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं जे काम केलं, त्याचा जगाने दाखला द्यावा अशी त्याची योग्यता आहे. ज्या देशात हे रुग्ण आहेत, तिथेच हे ज्ञान तयार झालं.

म्हणून देशी यंत्राची परीक्षा स्वच्छ चित्र आणि कमी किंमत एवढ्यावर उरकू नये. स्पेक्ट्रोस्कोपीचं सॉफ्टवेअर अनेकदा जादा पैसे मोजून वेगळं घ्यावं लागतं आणि खरेदीत काटछाट करायची वेळ आली की अशाच गोष्टी आधी गळतात. आपल्या यंत्रात डिफ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी दोन्ही पहिल्या दिवसापासून, मूळ किमतीत हवीत आणि चाचण्यांत टीबीच्या गाठींचे रुग्ण मुद्दाम घ्यायला हवेत. ‘समीर’ने आणि केंद्र सरकारने एवढं जाहीरपणे सांगावं.