वर अमेरिका, आत रशिया!

हवानाच्या रस्त्यावर १९५७ सालची शेवरोले आजही पोटापाण्यासाठी धावते. चकचकीत क्रोम, मागे माशाच्या परांसारखे पंख, नवरीसारखा थाट! पण बॉनेट उघडलं, की गंमत कळते. आत रशियन ‘व्होल्गा’चं नाहीतर एखाद्या जपानी गाडीचं डिझेल इंजिन बसलेलं असतं.

क्यूबात या गाड्यांना ‘आल्मेंद्रोन’ म्हणतात. म्हणजे मोठा बदाम! त्यांच्या गोलसर आकारावरून पडलेलं हे नाव. १९५९ साली तिथे क्रांती झाली, १९६२ साली अमेरिकेनं व्यापार जवळजवळ पूर्ण तोडला. आलेल्या गाड्या राहिल्या, सुटे भाग थांबले. त्यातच सर्वसामान्य माणसाला मोकळेपणानं खरेदी-विक्री करता येई ती क्रांतीपूर्वीच्या गाडीचीच. हा निर्बंध २०११ साली सैल झाला.

मग गाडी चालायची कशी? शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवावर! कुणाकडे लेथ असतं, कुणाचा हात वेल्डिंगवर बसलेला, तर कुणी पत्रा ठोकून पंख जसाच्या तसा उभा करतो. गॅस्केट हातानं कापतात. ब्रेक ऑइल मिळालं नाही, तर साबणाच्या पाण्यावरही वेळ निभावलेली आहे (आपण मात्र हा प्रयोग करू नये!). खटपटीनं अडचण निभावून नेण्याला तिथे ‘रेसोल्वेर’ म्हणतात. हा शब्द घरोघरी ऐकू येतो. मायामीत नातेवाईक असेल, तर येताना त्याच्या बॅगेत कपड्यांबरोबर बेअरिंगही येतं.

सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळला आणि स्वस्त तेल आटलं. चार लिटरहून मोठं, आठ सिलिंडरचं अमेरिकन इंजिन पोसायचं कुणी? म्हणून पुष्कळांनी डिझेल इंजिन बसवलं. हे वाटतं तितकं सोपं नाही. इंजिनाच्या बैठका नव्यानं कराव्या लागतात, गिअरबॉक्स जुळवावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडावा लागतो. त्यात बालभर चूक झाली, तर सगळी गाडी थरथरते. शिवाय दीड टनाचं धूड ओढताना छोटं इंजिन चढावर धापा टाकतं आणि काळा धूर ओकतं, तो वेगळाच.

परदेशातले संग्राहक अशा गाडीला नाक मुरडतात. अस्सलपणा गेला, म्हणतात. पण ज्याच्या घरची चूल शेअर टॅक्सीवर पेटते, त्याला अस्सलपणापेक्षा उद्याची फेरी महत्त्वाची. आपल्याकडे अँबॅसेडर-पद्मिनीच्या काळातही मिस्त्री जुगाड करत; पण निदान सुटे भाग तरी बाजारात मिळत.

२०१४ साली सरकारी दुकानात नवी गाडी मिळू लागली. प्यूजो ५०८ ची किंमत होती अडीच लाख डॉलरहून अधिक! लोक दुकानात गेले, पाटी वाचली आणि परतले. २०२१ नंतर तर लाखो लोकांनी देशच सोडला, त्यात तरुण फार. आता कित्येक गल्ल्यांत लेथ आहे, पण ते चालवणारा हात म्हाताऱ्या बापाचाच उरला आहे.