मेंदूच्या लहरींची तालीम

मुलाच्या डोक्याला जेल लावून इलेक्ट्रोड चिकटवतात. समोरच्या पडद्यावर विमान उडत असतं. मेंदूतल्या संथ थीटा लहरी (सेकंदाला 4 ते 8) कमी झाल्या आणि वेगवान बीटा लहरी वाढल्या, की विमान वर चढतं. उलट झालं, की खाली येतं. हेच न्यूरोफीडबॅक.

याचा पाया 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी घातला. त्यांच्या प्रयोगात मेंदूत ठरावीक लहर उमटली की मांजरांना खाऊ मिळे. हळूहळू मांजरं ती लहर वाढवायला शिकली. 1976मध्ये जोएल लुबार यांनी हे तंत्र अतिचंचल मुलासाठी वापरल्याची नोंद आहे. 1989मध्ये पेनिस्टन आणि कुलकोस्की यांनी ते दारूच्या व्यसनावर आजमावलं. निष्कर्ष उत्साहवर्धक होते, पण रुग्ण मोजकेच.

खरी कसोटी 2021मध्ये लागली. एडीएचडी (अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता) असलेल्या 144 मुलांपैकी काहींना खरं प्रशिक्षण मिळालं, तर काहींना हुबेहूब तसंच दिसणारं लुटुपुटूचं. कोण कुठल्या गटात, हे मुलांना किंवा पालकांना ठाऊक नव्हतं. सुधारणा दोन्ही गटांत झाली, आणि जवळपास सारखीच! म्हणजे नियमित सराव, कौतुक आणि आशा यांचा त्यात वाटा असावा.

म्हणून पालकांनो, महागडं पॅकेज घेण्याआधी बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषधं आणि वर्तनोपचार यांच्यामागे भक्कम पुरावा आहे. व्यसनातही समुपदेशन आणि वैद्यकीय उपचार सोडून केवळ यंत्रावर विसंबू नका.