‘मग तुम्ही पळून का नाही गेलात?’

इटलीतल्या एका शाळेत पाचवीच्या मुलांसमोर प्रिमो लेव्ही बोलत होते. तुरिनचे हे ज्यू रसायनशास्त्रज्ञ नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून जिवंत परतले होते. एका मुलाने विचारलं, तुम्ही पळून का नाही गेलात? लेव्हींनी कारणं सांगितली, पण त्याचं समाधान होईना. त्याने फळ्यावर छावणीचा नकाशाच काढायला लावला. मनोरे, कुंपण, वीजघर कुठे होतं ते नीट विचारून घेतलं आणि बेत मांडला: रात्री पहारेकऱ्याला मारायचं, त्याचे कपडे चढवायचे, वीज तोडायची आणि निघून जायचं. पुन्हा अशी वेळ आली तर असंच करा, असंही बजावलं.

लेव्हींनी ही हकिगत १९८६च्या आपल्या पुस्तकात लिहिली, ती मुलाला हसण्यासाठी नव्हे. पोराच्या डोक्यात सिनेमातला शूर कैदी होता. डोकं भादरलेला, उपासमारीने पाय ओढत चालणारा, सुटला तरी ज्याला जायला घर नाही आणि ज्याच्या पळण्याची शिक्षा मागे राहिलेले भोगणार, असा कैदी त्याने कधी पाहिलाच नव्हता. आठवणी सांगणाऱ्याला त्या दिवशी कळलं की ऐकणारा नेमका कुठे अडतो. माझ्या मते साक्ष सांगण्या-ऐकण्याच्या सगळ्या व्यवहाराचं मर्म इथेच आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेच ऐकायला फारसं कुणी नव्हतं. लेव्हींचं पहिलं पुस्तक मोठ्या प्रकाशकाने नाकारलं. १९४७मध्ये एका छोट्या प्रकाशकाने त्याच्या अडीच हजार प्रती काढल्या, त्याही सगळ्या खपल्या नाहीत. १९६१मध्ये जेरुसलेमला, ज्यूंना छावण्यांत धाडण्याची व्यवस्था पाहणाऱ्या आइखमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला, शंभराहून अधिक साक्षीदार उभे राहिले, आणि वारं बदललं. पुढे लेव्हींचं ते पुस्तक इटलीतल्या शाळांत पोचलं. मुलं तेच ते प्रश्न विचारत, म्हणून १९७६च्या शालेय आवृत्तीला त्यांनी उत्तरांची पुरवणीच जोडली.

बर्लिनच्या ज्यू मार्गोट फ्रीडलँडर यांना बोलायला याहून उशीर लागला. जानेवारी १९४३मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांच्या धाकट्या भावाला पकडलं. त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही म्हणून आई स्वतःहून हजर झाली. जाताना मुलीसाठी तिने हातपिशवी, पत्त्यांची वही आणि अंबरची माळ ठेवली, आणि निरोप ठेवला: तू तुझं आयुष्य उभं करायचा प्रयत्न कर. आई आणि भाऊ दोघेही ऑशविट्झला मारले गेले. मार्गोट वर्षभर लपूनछपून राहिल्या, शेवटी पकडल्या गेल्या, टेरेझिनच्या छावणीतून वाचल्या आणि न्यूयॉर्कला गेल्या. नवरा गेल्यानंतर त्या लिहू लागल्या. २०१०मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी, त्या कायमच्या बर्लिनला परतल्या आणि शाळाशाळांतून फिरू लागल्या. मुलांना त्या सांगत, जे झालं त्यात तुमचा दोष नाही, पण ते पुन्हा होऊ न देणं तुमच्या हातात आहे. मे २०२५मध्ये, १०३व्या वर्षी त्या गेल्या.

असे साक्षीदार एकेक करून जात आहेत. आता पुढे काय? ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटानंतर त्याचे दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी १९९४मध्ये सुरू केलेल्या संस्थेने छळातून वाचलेल्यांच्या पन्नास हजारांहून अधिक साक्षी चित्रित केल्या. त्याच संस्थेने पुढे अशाच वाचलेल्या पिंखास गुटर यांना अनेक कॅमेऱ्यांसमोर बसवून हजाराहून जास्त प्रश्न विचारले. संग्रहालयात मूल प्रश्न विचारतं, संगणक त्याला जुळणारं चित्रित उत्तर शोधतो आणि पडद्यावरचे गुटर बोलू लागतात. उत्तर यंत्र रचत नाही, ते गुटर यांचंच असतं. मायदानेकच्या छावणीत त्यांची जुळी बहीण साबिना आईकडे धावत गेली. साबिनाचा चेहरा त्यांना आठवत नाही, फक्त सोनेरी वेणी आठवते. हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं मूल इतिहासाचं पुस्तक वेगळ्या नजरेने उघडेल, यात मला शंका नाही.

तरीही तो पडदा फळ्यावर नकाशा काढणार नाही. ठरलेल्या उत्तरांबाहेरचा प्रश्न आला की तो थांबतो, आणि मुलाची समजूत कुठे चुकली हे त्याला ओळखता येत नाही. ते काम शिक्षकाचं, आणि त्यासाठी त्या शिक्षकाने स्वतः साक्षी ऐकलेल्या हव्यात. अशा ऐकण्याची एक रीतही आहे: इस्रायलमध्ये २०११पासून लोक घरच्या दिवाणखान्यात वाचलेल्यांना बोलावून ऐकतात, मग आपसांत बोलतात. यंत्रापेक्षा मला ही रीत अधिक भरवशाची वाटते. पण तिला वेळ थोडा उरला आहे. वाचलेल्यांच्या भरपाईचं काम पाहणाऱ्या क्लेम्स कॉन्फरन्सच्या २०२५च्या अंदाजानुसार तेव्हा दोन लाखांहून थोडे अधिक जण हयात होते, आणि त्यांतले सुमारे ७० टक्के पुढच्या दहा वर्षांत नसतील.