हातांनी घडविलेला ग्रंथ

ग्रंथ वाचावयाचा असतो हे आपण सर्व जाणतो; परंतु ग्रंथ करावयाचाही असतो, याचा विसर आपणांस अलीकडे पडला आहे. ज्याचा कागद निवडणारा, ठसा कोरणारा, छापणारा आणि शिवणारा हात एकच आहे, ज्याच्या प्रती मोजक्याच निघतात, अशा पुस्तकाला पाश्चात्त्य कलाजगतात विसाव्या शतकात 'कलावंताचे पुस्तक' असे नाव मिळाले. नाव नवे असले, तरी वस्तू आपल्या घरांना अपरिचित नाही.

जुनी पोथी आठवावी. जुनेर आणि चिंध्या कुटून लगदा करावयाचा व त्यातून कागद उचलावयाचा, हा उद्योग दौलताबादनजीकच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके चालत आला. दिव्याच्या काजळीत डिंक खलून शाई होई, बोरू टाकून लेखणी होई. लिहिलेली पाने दोन फळ्यांमध्ये ठेवून वर जुन्या वस्त्राचा रुमाल बांधला, की ग्रंथ सिद्ध झाला. टाकाऊ म्हणून ज्याचा अव्हेर करावा, तेच ज्ञानाचे पात्र होत असे.

मुद्रणकला आपल्याकडे आली, तीही प्रथम अशाच कसबी हातांतून. चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलाच्या प्रेरणेने नाना फडणविसांनी पुण्यातील एका तांबटाकडून भगवद्गीतेचे ताम्रपट कोरविण्यास आरंभ केला. इ. स. १८०० मध्ये नानांचे निधन झाले आणि काम अर्धेच राहिले. पुढे तो कारागीर मिरजेस गेला. तेथे गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने काम पुरे होऊन १८०५ साली गीता छापली गेली. भांडी घडविणाऱ्या हातांनी तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरावी आणि त्यांतून गीता सुलटी उमटावी, यातील नवल आजही ओसरलेले नाही.

मुंबईचे गणपत कृष्णाजी यांचे उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. अमेरिकन मिशनचा शिळाछाप पाहून त्यांना त्या विद्येचा ध्यास लागला. पदरी द्रव्य नाही आणि साहित्य मिळण्याची सोय नाही, अशा स्थितीत त्यांनी लाकडी यंत्र उभे केले, दगड मिळवून तो कामाजोगा केला आणि शाईही स्वतःच सिद्ध केली. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असल्याच्या शंकेने लोक छापील पोथीला शिवत ना, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ सालच्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात त्यांच्या उद्योगाची हकीकत नोंदविली आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी जनांना तंजावरचे स्मरण अधिक जवळचे वाटावे. चोहोकडे तमिळ भाषा नांदत असता सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे देवनागरी छापखाना उभारला. त्यातून निघालेल्या आरंभीच्या पुस्तकांत 'बालबोध मुक्तावली' हे इसापनीतीचे मराठी रूप होते. परमुलखात भाषा राखावयाची, तर प्रथम मुलांच्या हाती पुस्तक द्यावे लागते, हे त्या राजाने ओळखले होते.

इतरत्र पाहिले तरी हेच दिसते. इंग्रज कवी विल्यम ब्लेक याने १७८९ साली आपली बालगीते स्वतःच तांब्यावर लिहून छापली. त्याची पत्नी कॅथरीन त्याला छपाईत व रंगकामात साहाय्य करी. अर्जेंटिनात २००१ साली अर्थव्यवस्था कोसळली. त्यानंतर २००३ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे काही मंडळींनी रस्त्यावर पुठ्ठे वेचणाऱ्यांकडून ते विकत घेऊन, त्यांची हाताने रंगविलेली मुखपृष्ठे करून पुस्तके काढली. आपल्या चेन्नईच्या 'तारा बुक्स' या संस्थेने गोंड चित्रकारांचे वृक्षविषयक पुस्तक हातकागदावर, पडद्याच्या छपाईने काढले आणि जगभर नाव मिळविले.

आता आमच्या हळ्ळीखेडकडे वळू. बीदर जिल्ह्यातील या गावाच्या नावातच कन्नड 'हळ्ळी' आणि मराठी 'खेड' हातात हात घालून उभी आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिलो. त्याचा खेद करण्याचे प्रयोजन नाही, कन्नडही आमचीच. परंतु घरात मराठी बोलणारे मूल कन्नड वा इंग्रजी शाळेत जाते, तेव्हा मराठी त्याच्या जिभेवर राहते आणि डोळ्यांवरून पुसली जाते. आजीशी ते मराठीत बोलते; आजीचे पत्र मात्र त्याला वाचता येत नाही. एका पिढीत ओढवणारी ही निरक्षरता कोणत्याही गणतीत दिसत नाही.

यावर हस्तलिखिताचा जुना उपाय आम्ही नव्या रूपाने योजून पाहिला आहे. साने गुरुजी अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात असताना छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. आम्ही त्यात ठशाची भर घातली.

साहित्य प्रत्येक घरी आहे. उत्तरपत्रिकांतील कोरी पाने, लग्नपत्रिकांचे जाड कागद, खोक्यांचे पुठ्ठे, खणाचे वा फाटक्या लुगड्याचे तुकडे हे सर्व चालते. चार कागद एकत्र मधोमध दुमडले की सोळा पानांची जुडी होते. घडीवर पाच छिद्रे पाडून मेणबत्तीवर घासलेल्या दोऱ्याने ती शिवावी. पुठ्ठ्यावर कापड डकविण्यास गव्हाच्या पिठाची ताजी खळ पुरते. बाइंडर मंडळी किडीपासून राखण म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये. नक्षीसाठी भेंडीचा आडवा काप पुरतो; अक्षरासाठी झिजलेल्या रबरी चपलेचा तळ उत्तम. पाते मात्र वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच चालवावे. ठशावर कापडाच्या बोळ्याने रंग लावावा, कागद ठेवावा आणि चमच्याच्या पाठीने घासावा. यंत्राची गरज पडत नाही.

खरी मौज अक्षर कोरताना आहे. ठसा उलटा कोरावा लागतो, तरच छाप सुलटा उमटतो. एका विद्यार्थिनीने आपल्या पुस्तकासाठी 'आजी' हा शब्द डोळ्यांना दिसतो तसाच कोरला. छापल्यावर अक्षरे पाठमोरी झालीच. शिवाय 'जी'ची दुसरी वेलांटी पहिलीच्या जागी जाऊन बसली. ऱ्हस्व-दीर्घाचा जो भेद आम्ही वर्षानुवर्षे लाल शाईने दाखवीत आलो, तो त्या एका छापाने तिला शिकविला. मग पातळ कागदावर शब्द लिहून, तो पालथा घालून, त्यावरून तिने नवा ठसा कोरला. अक्षराची गाठ कोठे, दांडी कोठे, वळण किती, हे कोरणाऱ्याला चुकविता येत नाही. वाचणारा अक्षरावरून सरकतो. कोरणारा त्यात राहून येतो.

पुस्तकात काय असावे? छापील पुस्तकांत जे नाही, ते असावे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, घरच्या पाककृती, शेताशिवारांची नावे, कन्नडच्या सहवासाने रुळलेले आपल्या बोलीतील शब्द यांची नोंद घेण्यास कोणी परका लेखक यावयाचा नाही. मुलाने ते विचारावयाचे, वडिलांनी सांगावयाचे. पुस्तक पुरे होईतो घरात दोन पिढ्यांचे जे बोलणे होते, त्याचे मोल पुस्तकाहून उणे नाही.

'याला गुण किती?' असा प्रश्न पालक करतात, आणि तो अयोग्य नाही. परीक्षेत याला गुण नाहीत. परंतु गुणपत्रिका कपाटात जाते, आणि हे पुस्तक पाहुण्यांपुढे येते. ते वाचून दाखविण्यासाठी मुलाला मराठी वाचावीच लागते. शिवाय प्रती निघतात चार किंवा पाच. एक घरी राहते, एक मामाकडे जाते, एक दूर गेलेल्या आत्याकडे. अशा रीतीने विखुरलेले कुटुंब एका लिपीत पुन्हा एकत्र येते.

तेव्हा या सुटीत, वाचकहो, रद्दी विकण्यापूर्वी तीतून चार कोरे कागद काढून ठेवावेत आणि घरातील मुलाला एकच शब्द कोरावयास सांगावा. तो शब्द त्याचा त्यानेच निवडावा.