यंत्राच्या पोटांतील आज्ञावली आणि तिची जपणूक

वर्सोव्याहून अंधेरीमार्गें घाटकोपरास जाणारी मेट्रो ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली. तिच्या स्थानकावर कार्ड टेकवितांच आडवें दार उघडतें. तें उघडा असें सांगणारा माणूस तेथें नसतो. यंत्राच्या पोटांत बसविलेली आज्ञावली तें काम करते. हिलाच ‘फर्मवेअर’ म्हणतात.

ही आज्ञावली प्रथम माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितात. तें तिचें मूळ, म्हणजे ‘सोर्स कोड’. ‘कंपायलर’ त्याचें रूपांतर शून्य व एक यांच्या रांगांत करतो, आणि त्या रांगाच यंत्राच्या स्मृतींत भरल्या जातात. जागा फार थोडी. ‘ॲटमेगा १२८’ या मायक्रोकंट्रोलरमध्यें आज्ञावलीसाठीं १२८ किलोबाइट व चालू हिशेबासाठीं अवघी ४ किलोबाइट असते. पिठावरून दाणा पुन्हा घडवितां येत नाहीं. तसेंच त्या रांगांवरून मूळ लिखाण, त्यांतील नांवें व टिपा परत मिळत नाहींत.

पवईच्या आय. आय. टी. मधील विद्यार्थ्यांनीं ‘प्रथम’ या सुमारें १० किलो वजनाच्या उपग्रहाचें काम २००७ सालीं आरंभिलें. तो २६ सप्टेंबर २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३५ या अग्निबाणानें वर गेला. मध्यें नऊ वर्षें लोटलीं, आणि विद्यार्थी संस्थेंत राहतो चार-पांच वर्षें! अशा कामांत खरी भीति यंत्राची नसून विस्मृतीची असते. समजा, एका ओळींत ‘वीस मिलिसेकंद थांब’ एवढीच आज्ञा आहे. नव्या विद्यार्थ्यास ती व्यर्थ वाटते व तो ती खोडतो. वस्तुतः वीज मिळाल्यावर एखाद्या मापकास स्थिर होण्यास तेवढा अवधि लागत असतो. मेजावर मापक आधींच चालू असल्यामुळें चूक दिसत नाहीं. अंतराळांत पहिलेंच माप चुकतें. मेट्रोचें दार कारागीर उघडून पाहील. उपग्रहापाशीं कोण जाणार?

म्हणून कारण त्या ओळीशेजारींच लिहावें लागतें. लिनस टॉरव्हल्ड्स यांनीं २००५ सालीं रचलेली ‘गिट’ ही व्यवस्था म्हणजे बदलांची वहीच होय. कोणती ओळ कोणीं व केव्हां बदलली हें तींत राहतें, आणि मागील स्थितीस परत जातां येतें. मात्र ‘कां’ हें माणसासच लिहावें लागतें. ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढाच शेरा मारणारा पुढच्यास फसवितो.

जुनें लिखाण निर्दोष असलें तरी नव्या यंत्रांत तें घातक ठरूं शकतें. ४ जून १९९६ रोजीं युरोपचा ‘एरियान ५’ उड्डाणानंतर सुमारें ४० सेकंदांत नष्ट झाला. ‘एरियान ४’ मधील आज्ञावली त्यांत तशीच घेतली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक असल्यामुळें एक संख्या १६ बिटांच्या जागेंत मावली नाहीं. नवल असें कीं, उड्डाणानंतर त्या गणिताची गरजच नव्हती!

मुळाबरोबर कंपायलरची आवृत्ति आणि विद्युत्-फलकाचा क्रमांकहि नोंदावा लागतो. कंपायलर बदलला कीं त्याच मुळापासून निराळ्या रांगा निघूं शकतात. काम दुसऱ्याच्या हातीं देतांना नव्या माणसास कोरा संगणक द्यावा, त्यानें केवळ नोंदी वाचून आज्ञावली सिद्ध करावी, आणि ती यंत्रांतील रांगांशीं ताडून पाहावी. एका बिटाचाहि फरक निघाला, तर जुन्या विद्यार्थ्यानें अजून वसतिगृह सोडूं नये.