पंख्याचीं विमानें आणि त्यांचे चाहते



जुनीं नाणीं, जुन्या पोथ्या, जुनीं घड्याळें यांचा नाद असलेलीं माणसें आपल्या परिचयाचीं असतात. त्याच जातीचा एक नाद जुन्या उतारू विमानांचा आहे. जेट विमानें येण्यापूर्वीं दट्ट्याच्या इंजिनानें पंखा फिरवून जीं विमानें उडत, त्यांचा. विमान आकाशांत गेलें म्हणजे हे लोक तें पाहतातच. परंतु त्यांची खरी तन्मयता इंजिन सुरू होण्याच्या वेळीं दिसते. तेल गळणारें, धूर ओकणारें हें धूड यांना इतकें प्रिय कां, असें आमच्या तिसगांवांत मला पुष्कळांनीं विचारलें आहे. उत्तर बरेंचसें इंजिनाच्या रचनेंतच आहे. तेव्हां प्रथम तिकडे वळूं.

विहिरीवर चालणारें एका नळकांड्याचें ऑइल इंजिन खेड्यांत सर्वांच्या पाहण्यांतलें. त्याचा दट्ट्या चार खेपा करतो: हवा आंत ओढणें, ती दाबणें, जळण पेटल्यानें ढकललें जाणें, आणि धूर बाहेर लोटणें. या चारांपैकीं काम घडतें तें एकाच खेपेंत. बाकीच्या तीन निभावून नेण्यासाठीं बाजूला जड चाक लागतें. विमानाला असलें ओझें परवडत नाहीं. म्हणून नळकांडीं वाढवावयाचीं, म्हणजे एकाची खेप रिकामी असतां दुसरें कामावर असतें. पण तीं एकामागें एक रांगेनें मांडलीं तर पुढच्याला वारा लागतो आणि मागचें तापतें. यावर जो तोडगा निघाला, तो थेट बैलगाडीच्या चाकासारखा आहे. मध्यें तुंबा, भोंवतीं आरे. प्रत्येक आरा म्हणजे एक नळकांडें, आणि तें वाऱ्याच्या तोंडीं. थंड करावयास पाणी नको कीं पाण्याची टांकी नको.

यांत एक गंमत आहे. अशा एका चक्रांत नळकांडीं नेहमीं विषम संख्येचीं असतात: पांच, सात किंवा नऊ. मुख्य दांडा दोनदां फिरतो तेवढ्यांत प्रत्येक नळकांड्याची पाळी एकदां आणि सारख्या अंतरानें आली पाहिजे. म्हणून एक सोडून एक पेटवीत जातात: १, ३, ५, ७, मग २, ४, ६, आणि पुन्हा १. कागदावर आठ टिंबें वर्तुळांत मांडून हाच क्रम लावून पाहा. १, ३, ५, ७ नंतर पुन्हा १ वरच येऊन पडाल, आणि सम आंकड्यांची पाळी कधींच येणार नाहीं. विषम संख्येचा एवढा रोकडा उपयोग मला अंकगणिताच्या कोणत्याही पुस्तकांत आढळला नाहीं.

१९३५ च्या डिसेंबरांत प्रथम उडालेल्या डग्लस कंपनीच्या डीसी-३ विमानाला, म्हणजेच आपल्या डाकोटाला, असलीं दोन इंजिनें असत. प्रत्येकांत सात-सातांचीं दोन चक्रें एकामागें एक. मागचीं नळकांडीं पुढच्यांच्या फटींतून वारा घेत. एकूण नळकांडीं चौदा, आणि जोर सुमारें १२०० अश्वशक्तींचा. असें इंजिन रात्रभर उभें राहिलें कीं तेल ओघळून खालच्या नळकांड्यांत सांचतें. तेल हवेसारखें दाबलें जात नाहीं; तसेंच इंजिन चालू केलें तर आंतील दांडा वांकावयाचा. म्हणून यंत्रज्ञ आधीं पंखा हातानें फिरवून घेतात. मग कळ दाबली कीं एक नळकांडें पेटतें, खोकतें, थांबतें. दुसरें साथ देतें. निळसर धुराचा लोट उठतो, आणि पाहतां पाहतां सगळीं चौदा एका तालावर येतात. मैफलींत तंबोरे जुळत असतांनाच जाऊन बसणारे रसिक असतात ना, तसे हे चाहते.

आपल्याकडील या विमानांची कथा जुहूपासून सुरू होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. पस मॉथ नांवाचें तें चिमुकलें विमान, त्याला चार नळकांड्यांचें एकच इंजिन. पुढें मद्रासपर्यंत टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं नेलें. पावसाळ्यांत जुहूच्या मैदानावर चिखल होई, म्हणून कंपनी तेवढ्यापुरतें आपलें बिऱ्हाड पुण्यास हलवी. पन्नास वर्षांनीं, १९८२ मध्यें, वयाच्या ७८ व्या वर्षीं, टाटांनीं लेपर्ड मॉथ विमानांतून कराची ते मुंबई हा प्रवास एकट्यानें पुन्हा केला. नाद म्हणतात तो हा!

परंतु मला विचाराल तर या विमानांची खरी कामगिरी नागपुरास पाहावयास मिळाली. १९४९ च्या आरंभीं रात्रीचें हवाई टपाल सुरू झालें. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून रात्रीं एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारी विमानें देशाच्या मध्यावर, नागपुरास, एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई. आणि सकाळपर्यंत प्रत्येक विमान आपल्या घरीं. मुंबईच्या पेटींत सायंकाळीं पडलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास! हें रात्रीमागून रात्र, आषाढांतसुद्धां. एकाचा खोळंबा म्हणजे चारी शहरांच्या टपालाचा खोळंबा. डाकोटाचें नांव झालें तें अशा राबण्यानें. दिसावयास तें कधींच फारसें देखणें नव्हतें.

देखणें म्हणावें तें कॉन्स्टेलेशन. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गें लंडनला निघालें, तें याच जातीचें. त्याला चार इंजिनें, प्रत्येकाला अठरा नळकांडीं. म्हणजे एकूण बहात्तर, आणि प्रत्येकीं दोन याप्रमाणें ठिणगीचे प्लग एकशें चव्वेचाळीस. पुढें आलेल्या सुपर कॉन्स्टेलेशनमध्यें तर बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर लहान चक्रें फिरवून तीही शक्ति दांड्याला परत दिली होती. युक्ति अप्रतिम, पण यंत्र जितकें गुंतागुंतीचें तितकें नाजूक. एखादें इंजिन वाटेंत बंद ठेवावें लागे, म्हणून वैमानिक थट्टेनें याला जगांतील सर्वोत्तम तीन इंजिनांचें विमान म्हणत.

आणि येथेंच चाहत्यांशीं माझा मतभेद आहे. जुनीं विमानें अधिक चांगलीं होतीं, असें त्यांतील कांहीं म्हणतात. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं तेंच 'मलबार प्रिन्सेस' आल्प्समधील माँ ब्लां पर्वतावर आदळून आंतील ४८ माणसें मृत्यु पावलीं. दोष इंजिनांचा नव्हता. पण त्या काळच्या विमानांना ढगांतून, वादळांतूनच वाट काढावी लागे. जेट विमान त्यांच्या वरून जातें. शिवाय जेटमध्यें दट्ट्याचें क्षणोक्षणीं थांबणें आणि उलटणें नाहीं. सर्व भाग एकाच दिशेनें फिरतात, त्यामुळें झीज कमी. १९६० मध्यें एअर इंडियानें बोइंग ७०७ आणलें, तें प्रवाशांच्या हिताचेंच झालें. प्रेम करावें, पण विमानांत मुलाबाळांना बसवावयाचें असतां हिशोब वेगळा.

मात्र जपणूक ही वेगळी गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियांतील हौशी मंडळींनीं अमेरिकेंत पडून राहिलेलें एक सुपर कॉन्स्टेलेशन दुरुस्त करून १९९६ मध्यें उडवीत मायदेशीं नेलें. भंगारांतून सोडविलेलें एक डाकोटा इंग्लंडांत दुरुस्त होऊन २०१८ मध्यें उडत भारतांत आलें. 'परशुराम' या नांवानें तें वायुदलास अर्पण झालें. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं श्रीनगरास सैनिक उतरविणाऱ्या डाकोटांची ती आठवण. आपलीं सुपर कॉन्स्टेलेशन विमानें एअर इंडियाकडून वायुदलाकडे, पुण्यास आलीं, आणि १९७६ मध्यें त्यांपैकीं कांहीं नौदलाकडे, गोव्यास गेलीं. त्यांतील एक बोगमाळो येथील नौदलाच्या विमानसंग्रहालयांत उघड्यावर उभें आहे. समुद्राची खारी हवा ॲल्युमिनियमला चांगली नव्हे; त्याची निगा हें सततचें काम आहे, आणि तें करणारे हात हवेत.

गोव्यास जाल तेव्हां मुलांना घेऊन तें अवश्य पाहावें. त्याला शेपटाशीं एकाऐवजीं तीन उभे पंख आहेत. पुढचें चाक इतक्या उंच पायावर कां, असें मुलांनीं विचारलें तर सांगावें कीं, एवढे मोठे पंखे फिरतांना जमिनीला लागूं नयेत म्हणून.